सांडलं, फुटलं, उतू गेलं

पातेल्यातलं दूध उतू जातं ते काही सेकंदांत. तोवर ते अगदी शांत दिसतं. तापमान सत्तर अंशांच्या पुढे गेलं की दुधातली प्रथिनं आपली घडण बदलू लागतात, स्निग्धांशासह वर त्यांची पातळ साय धरते आणि तळाशी तयार होणारी वाफ त्या सायीखाली अडकते. पाण्यातले बुडबुडे वर येऊन फुटतात. दुधातले सहज फुटत नाहीत, कारण प्रथिनांनी त्यांना बळकटी दिलेली असते. ते एकावर एक चढतात, साय उचलली जाते आणि दूध काठावरून शेगडीवर येतं. पाहणाऱ्याला वाटतं, अचानक झालं. खरं तर कितीतरी वेळ सगळं चाललेलंच होतं, फक्त दिसत नव्हतं. या पुस्तकाचा विषय अशाच घटना आहेत: उतू गेलेलं दूध, उघडा राहिलेला नळ, करपलेली भाजी, फुटलेली लोणच्याची बरणी, छताला लागलेली डाळ, आत राहिलेली किल्ली, खाली पडलेला एमसीबी. एकेकटी घेतली तर यातली प्रत्येक गोष्ट इतकी किरकोळ की रात्री ती आठवतही नाही. पण घर कसं चालतं, ते कोण चालवतं आणि आपण कोणाच्या भरवशावर निर्धास्त असतो, हे एरवी झाकलेलं असतं आणि अशा वेळी क्षणभर उघडं पडतं. त्या क्षणाकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी हाती लागतात: एक छोटा धडा आणि एक ऋण. या दोन्ही एकाच नजरेतून येतात आणि एकीवाचून दुसरी टिकत नाही, हे मला या प्रस्तावनेत मांडायचं आहे.

एवढ्यातेवढ्याचा इतका विचार कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. पण या एवढ्यातेवढ्याचं ओझं मोजून पाहिलं गेलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात मध्यमवयीन स्त्रीपुरुषांच्या रोजच्या कटकटी महिनोन् महिने नोंदवल्या आणि त्यांच्या मानसिक तक्रारींशी ताडून पाहिल्या. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं की, माणसाच्या मनाची अवस्था ओळखायला आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या बारीकसारीक कटकटी अधिक उपयोगी पडतात. याचं नवल वाटू नये. मोठ्या संकटात माणसं धावून येतात, डबे पोचवतात, रात्री सोबतीला राहतात. ओट्यावर सांडलेलं पुसायला कोणी येत नाही. ते ज्याचं त्याला, बहुधा जिचं तिला, एकटीनंच निस्तरावं लागतं आणि त्याबद्दल बोलण्याचीही सोय नसते, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कोणी मानतच नाही.

धडा घ्यायचा तर आधी वेंधळेपणाचा शिक्का बाजूला ठेवावा लागतो. जेम्स रीझन हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एकदा ते घरी चहा करत होते. मांजर खाण्यासाठी ओरडत होतं, मांजराच्या खाण्याचा डबा उघडा होता, शेजारी चहादाणीचं झाकणही उघडं होतं. त्यांनी मांजराचं खाणं चमचाभर काढलं आणि चहादाणीत टाकलं. एखाद्यानं कपाळाला हात लावून चहादाणी धुतली असती. रीझननी हा प्रकार अभ्यासाला घेतला. लोकांना आपापल्या चुकांची रोजनिशी ठेवायला सांगून त्यांनी पाहिलं की अशा चुका होतात केव्हा. त्या होतात त्या हाताला पुरत्या सरावलेल्या कामांत, परिचित जागी, मन दुसरीकडे गुंतलेलं असताना. १९९०च्या त्यांच्या ‘ह्यूमन एरर’ या ग्रंथात भोपाळ आणि चेर्नोबिल यांच्यासारख्या भीषण दुर्घटनांचंही विश्लेषण आहे. संरक्षणाच्या एकामागून एक फळ्या असतात, प्रत्येकीत कुठे ना कुठे भोक असतं आणि ती भोकं एका ओळीत आली की अनर्थ होतो, ही त्यांची मांडणी आज विमानवाहतुकीपासून रुग्णालयांपर्यंत सगळीकडे शिकवली जाते. त्या विचाराची एक वाट स्वयंपाकघरातून निघाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रीझन यांच्या निरीक्षणाचा घरासाठी अर्थ असा की, चूक ही पुष्कळदा कौशल्याची सावली असते. स्वयंपाक नुकता शिकणारी व्यक्ती दुधापुढून हलत नाही. वीस वर्षं ओट्याशी काढलेली बाई एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोळ्या, कानाशी फोन आणि दारात कुरियरवाला हे सगळं सांभाळते, आणि म्हणून तिचं दूध उतू जातं. तिला ‘लक्ष कुठे होतं’ असं विचारणं अन्यायाचं आहे, कारण लक्ष चार ठिकाणी होतं आणि चारही ठिकाणी ते लागणारच होतं. विचारायला हवं ते व्यवस्थेला. दुहेरी भिंतीचा, मधे पाणी घालायचा शिट्टीचा दुधाचा कुकर हे या प्रश्नाचंच उत्तर आहे: माणसाचं लक्ष जाणार हे गृहीत धरून केलेलं भांडं. तीच गोष्ट नळाची. जिथे पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे कोणीतरी नळ सोडतं, पाणी नसतं, नळ तसाच राहतो आणि तासाभरानं घरात तळं होतं. मग ‘कोणी उघडा ठेवला’ याचा तपास सुरू होतो. पण जुन्या फिरवायच्या गोल तोटीकडे पाहून ती उघडी आहे की बंद हे कळतच नाही. पाव फेऱ्यात बंद होणारी दांड्याची तोटी लावली तर दांडा आडवा की उभा हे दुरूनही दिसतं. काही रुपयांच्या तोटीनं जे होतं ते वर्षानुवर्षांच्या बोलण्यांनी होत नाही.

दोष शोधण्याची घाई असली की धडा का हरवतो, याचा एक मोठा पुरावा विमानांच्या जगात आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळलं आणि त्यातले सर्व ९२ जण मरण पावले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एका तऱ्हेनं लावला होता, नियंत्रण कक्षाला वेगळं अभिप्रेत होतं. चौकशीत कळलं की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं. त्याच्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवलं, पण बाकीच्यांपर्यंत ते पोचलं नाही. त्यानंतर १९७६ साली अमेरिकेत अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद घेणारी यंत्रणा सुरू झाली. ती चालवायची जबाबदारी नियम लावणाऱ्या, दंड करणाऱ्या खात्याकडे न ठेवता ‘नासा’कडे दिली गेली आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहील असं ठरलं. शिक्षेची भीती गेल्याशिवाय माणसं सांगत नाहीत, हे ती यंत्रणा उभारणाऱ्यांनी ओळखलं. संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करताना असंच काही दिसलं: ज्या गटांत चांगला मेळ होता तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. चुका जास्त होत होत्या असं मुळीच नाही, त्या बोलून दाखवल्या जात होत्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेलं हे निरीक्षण कोणत्याही घराला लागू आहे. फुटलेल्या पेल्याचे तुकडे मूल कपाटामागे ढकलतं तेव्हा पेला तर जातोच, वर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पायात काच जाते. आणि घरकामाला येणाऱ्या बाईच्या पगारातून फुटलेल्या कपाचे पैसे कापले जातात तेव्हा पुढच्या वेळी कप चिरला आहे हे ती सांगणार नाही, त्या चिरलेल्या कपात उकळता चहा ओतला जाईल. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण हातून वस्तू फुटली तर काय करायचं हे अजून प्रत्येक घराच्या मर्जीवर आहे. आपली मर्जी कशी चालते हे एकदा तपासून पाहण्यासारखं आहे.

आता ऋणाकडे येतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, असं आपण वैतागून म्हणतो. डाळ ओट्यावर, भिंतीवर, कधी छतापर्यंत गेलेली असते, वरण नव्यानं लावायचं असतं आणि घड्याळ पुढे सरकत असतं. या क्षणी थांबून त्या लहानशा गोष्टीकडे पाहा. कुकरमध्ये वातावरणाच्या दुपटीच्या आसपास दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे एकशेवीस अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. जास्तीची वाफ जाण्यासाठी शिट्टीची नळी असते. डाळीच्या फेसानं किंवा सालपटानं ती नळी बुजली, किंवा आतलं पाणी आटून गेलं, तर उष्णता वाढत जाते. झाकणावरच्या व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. तो वितळतो, वाट मोकळी होते आणि सगळा दाब तिथून निघून जातो. डाळ छताला लागणं म्हणजे झाकण छताला न लागणं. या युक्तीचा उगम शोधायला गेलं तर आपण १६७९ सालात पोचतो. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं हाडंसुद्धा मऊ शिजवणारं बंद भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलं आणि ते फुटू नये म्हणून वजन लावलेली झडप योजली. आपल्या ओट्यावरची ती नखाएवढी चकती साडेतीन शतकांच्या काळजीची वारस आहे. तिनं तिचं काम केलं आणि ती संपली. आपण तिला बिघाड म्हणतो.

घरात अशी मुकी राखण ठिकठिकाणी आहे. स्वयंपाकाच्या वायूला स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो उग्र दर्प येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळणं कायद्यानं सक्तीचं झालं आणि ही प्रथा इतरत्रही रुजली. म्हणजे ‘गॅसचा वास येतोय’ हे वाक्य ज्या ज्या घरात वेळेवर उच्चारलं जातं, त्या घरावर त्या मुलांचं ऋण आहे. स्नानघरातल्या गिझरला ओल लागली की दिवे जातात आणि आपण चिडतो. तिथे तीस मिलिअँपिअर इतका किरकोळ प्रवाह भलतीकडे गळतो आहे हे ओळखून डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेला असतो. दिवे जाणं हे त्याचं उत्तर आहे. काही घरांत तो सारखा पडतो म्हणून वायरमनला सांगून काढून टाकला जातो. निरोप्यावर चिडण्याचा याहून घातक प्रकार मला ठाऊक नाही.

वस्तूंविषयी हे मान्य करणं सोपं आहे. खरा आक्षेप माणसांविषयी येतो, आणि तो गंभीर आहे. घरातल्या अपघातात कृतज्ञता शोधा असं सांगणं म्हणजे फरशी पुसणाऱ्या बाईला वर हसायलाही सांगणं नाही का? २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास होते, स्त्रिया एक्याऐंशी. सांडण्याफुटण्याचा खर्च कोणाच्या वेळेतून वळता होतो हे या आकड्यांवरून उघड आहे. तिला पुन्हा गोडव्याचे धडे देणारं पुस्तक लिहायचं असतं तर ते न लिहिलेलं बरं. माझं उत्तर असं की, ऋण नेहमी निस्तरणाऱ्याकडे जमा होतं, ते तिनं फेडायचं नसतं. जे जेवायला बसले होते आणि ज्यांच्या पानात अर्ध्या तासानं का होईना वरण पडलं, त्यांच्यावर ते आहे. ते शब्दांनी फिटत नाही. ओटा पुसायला उठणं, कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह आणायचं काम आपल्याकडे घेणं, प्लंबरला ठरलेले पैसे घासाघीस न करता त्याच दिवशी देणं, पहाटे पाणी सोडणाऱ्या सोसायटीच्या माणसाचं नाव माहीत असणं, अशा रूपांतच ते फिटतं. ज्या घरात अपघातानंतर कामाची वाटणी तसूभरही हलत नाही तिथे कोणी कितीही आभार मानले तरी ते तोंडदेखले आहेत असंच मी म्हणेन.

दुसरा आक्षेप सकारात्मक विचारांच्या सुळसुळाटाचा आहे आणि त्याच्याशी मी बराचसा सहमत आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो यांचा २००३ सालचा प्रयोग याबाबतीत नेहमी पुढे केला जातो. त्यात काही जणांनी दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या, काहींनी नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनंतर पहिला गट आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी होता. मात्र पुढच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर हा परिणाम बेताचाच निघाला. दुसरं कुठलं मन गुंतवणारं काम दिलं तरी बराचसा फरक पडतो असं दिसलं. म्हणून वहीत आभार लिहिल्यानं आयुष्य बदलतं असा दावा मी करत नाही. त्या प्रयोगातली विभागणीच मला अपुरी वाटते. एका वहीत कृतज्ञता आणि दुसरीत कटकट, असं घरात घडत नाही. व्हॉल्व्ह उडाला ही कटकट आहे आणि व्हॉल्व्ह होता हे ऋण आहे, आणि दोन्ही एकाच ओळीत लिहावं लागतं. ‘जे होतं ते भल्यासाठीच’ ही वृत्ती तर मला सर्वांत अमान्य आहे. दूध भल्यासाठी उतू जात नाही. ते वाया जातं, आणि ज्या घरात अर्धाच लिटर येतं तिथे त्या दिवशी मुलाला दूध मिळत नाही. नुकसानाला नुकसान म्हटल्यावरच धड्याला जागा होते. आणि जिथे इजा झाली तिथे आधी उपचार, बाकी सगळं नंतर: भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या, साध्या गार पाण्याखाली धरायचं, बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही, आणि जखम मोठी असेल तर थेट दवाखाना. मोठ्या भाजण्यात, मोठ्या शॉकमध्ये, म्हाताऱ्या माणसाच्या पडण्यात अर्थ शोधायचं काम हे पुस्तक करत नाही. एवढंच कशाला, सगळ्या छोट्या अपघातांतही धडा नसतो. ओल्या हातातून बशी निसटते आणि फुटते. केर भरायचा आणि पुढच्या कामाला लागायचं.

मराठी लिखाणात घरातल्या फजितीला जागा नाही असं नाही, पण ती बहुतेक विनोदाच्या दालनात. चिं. वि. जोशींच्या चिमणरावानं मध्यमवर्गीय घरातला प्रत्येक बेत फसवून दाखवला आणि पिढ्यान् पिढ्या लोक हसले. हसण्यानं मन हलकं होतं, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याहून पुढे जातात. तिथे घरातली ओढाताण आणि फजिती हसवतेच, शिवाय त्या घरात कोण काय सोसत होतं आणि कोणी कोणाला सावरलं हेही त्यातून कळतं. आपल्या रीतीभातींतही असं शहाणपण आहे. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध तापवून मुद्दाम उतू जाऊ देतात. एरवी जे नुकसान, त्याला वर्षातून एक दिवस मान मिळतो. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा आणि नासलेल्या दुधाच्या वड्या हे बिघडलेल्यातून घडवण्याचं आपलं रोजचं शास्त्र आहे. रेसिपीच्या पुस्तकांत त्याला उरलेल्या अन्नाचा उपयोग म्हणून शेवटची दोन पानं मिळतात, हे मला नेहमीच खटकतं.

पुढच्या प्रकरणांची रचना ओटा, पाणी, वीज, काच आणि कुलूप अशी आहे. प्रत्येक ठिकाणी आधी काय बिघडतं आणि का, हे शक्य तितकं नेमकं सांगितलं आहे, कारण मूळ न कळता घेतलेला धडा म्हणजे नुसती धास्ती. त्यानंतर तो बिघाड छोटा कशामुळे राहिला याचा शोध आहे, आणि त्यात यंत्रांइतकीच माणसं येतात. ज्यांना फक्त उपाय हवे आहेत त्यांनी पहिला भाग वाचून पान उलटायला हरकत नाही. दुसरा भाग मात्र घरातल्या अशा कोणाला तरी वाचायला द्यावा जो सहसा ओट्याकडे फिरकत नाही.

वाचायला बसण्याआधी एक काम करा. सिलिंडरपासून शेगडीपर्यंत जाणारी रबराची नळी हातात घेऊन तिच्यावर छापलेली तारीख पाहा. सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षांचं असतं. मुदत संपली असेल तर आजच नवी मागवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारंखिडक्या उघडा, कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना, मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही, पाठ असू द्या.